चिखलाच्या आधीचा हिशेब

दहावीनंतर शाळा सुटली, वाचन काही सुटलं नाही. आपल्या मुलखावरचं पुस्तक हाती आलं की मी आधी दोन गोष्टी बघतो. माणसं बोलतात कशी, अन् पैशाचा हिशेब लागतो का.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ साली आली. शिंप्याच्या घराची ही कहाणी त्याची बायको पार्वती सांगते, अन् आपल्या बोलीतच सांगते. आम्ही पैठणकडची माणसं. आमच्याकडं 'काय करू राहिला' म्हणतात, लातूर-उस्मानाबादकडं 'काय करलालास'. तरी पार्वतीचं बोलणं कुठं अडत नाही. घरी रात्री मोठ्यानं वाचत होतो, तर तूर निवडता निवडता आमची मंडळी म्हणाली, "ही बाई खरं बोलती." याहून मोठा अभिप्राय मला माहीत नाही. बरेच लेखक स्वतः पुण्याच्या भाषेत बोलतात अन् पात्राच्या तोंडी तेवढं 'व्हय', 'न्हाय' घालतात. ते ठिगळ दहा पानांत उसवतं.

दुसरी गोष्ट हिशेबाची. कळंब भागातले भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा शाळेच्या पुस्तकामुळं पोरासोरांनाही ठाऊक आहे. बाप टमाटे बाजारात आणतो, भाव मिळत नाही, शेवटी तो माल पायाखाली तुडवतो. लोकांना तो शेवट आठवतो. मला त्याच्या आधीचं मोलाचं वाटतं : पडलेला भाव, गिऱ्हाइकाची घासाघीस अन् सगळं बघणारं पोर. त्यामुळंच तुडवण्याला वजन येतं.

पुढं नक्कल झाली ती नुसत्या चिखलाची. आता कितीतरी कथांत शेतकरी पहिल्या पानावर कर्जात असतो अन् शेवटच्या पानावर झाडाला. मधी बियाणं, खत, आडत, हमाली, तोलाई कशाचाच पत्ता नाही. वाचणारा हळहळतो, पण भाव कुणी पाडला हे त्याला कळत नाही.

संभाजीनगरात क्रांती चौकातून मोर्चे निघतात. एकदा भर दुपारी आम्ही तिथं रस्त्यावर बसलो होतो. मागं गाड्या खोळंबल्या होत्या, हॉर्न थांबेनात. मनात आलं, यातल्या कुणीतरी शाळेत 'लाल चिखल' वाचून डोळे पुसलेच असतील. रडणारा शेतकरी सगळ्यांना चालतो, भाव मागणारा मधी येतो.

परभणीकडचे आसाराम लोमटे मला म्हणूनच जवळचे वाटतात. त्यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातलाच माणूस गावातल्या माणसाला कसा नाडतो, हे ते झाकत नाहीत. गाव म्हणजे बिचारं, असं ते मानत नाहीत.

नव्या लिहिणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं : आडत्याची पट्टी समोर ठेवा अन् लिहायला बसा. रडू वरून घालावं लागणार नाही.