तीन बरण्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत

गेल्या महिन्यात कोकम सिरपवरचे पाच-सहा प्रबंध सलग वाचून काढले. जवळपास सगळ्यांत एक प्रकरण सारखंच आहे, ‘पायलट प्लांटवरील चाचणी’. पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी हे प्रकरण जरा संशयानेच वाचावं, असं माझं मत झालंय.

आधी प्लांट म्हणजे काय ते सांगतो. प्रयोगशाळेतला बीकर आणि कारखाना यांच्या मधली ही पायरी. वाफेवरची केटल, पल्पर, पाश्चरायझर, डबे सीलबंद करायचं यंत्र असं सगळं तिथे असतं. म्हैसूरची सीएफटीआरआय १९५० पासून अन्नप्रक्रियेवर काम करते. आपल्याकडे दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं, आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र त्याच्याही आधीचं, १९५७ चं.

ही मधली पायरी लागते कशाला? १०० मिली रसाऐवजी १०० लिटर घेतला की आकारमान हजारपट होतं, पण भांड्याचा पृष्ठभाग साधारण शंभरपटच वाढतो. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला उष्णता आत जायची जागा दहावा हिस्सा. बीकर चार-पाच मिनिटांत ८५ अंशाला पोचतो, तर केटलला माझी चाळीस मिनिटं गेली होती. तोवर भिंतीलगतचा रस शिजत राहतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा. त्याला उष्णता सोसत नाही, सिरप तपकिरी दिसायला लागतं. बीकरमध्ये हे कधीच कळलं नसतं, एवढं श्रेय प्लांटला द्यायलाच हवं.

माझी तक्रार पुढच्या पानापासून सुरू होते. केटलमधून एकदाच घाण काढतात, तिच्यातून तीन बरण्या भरतात आणि खाली लिहितात, ‘तीन पुनरावृत्ती’. मग एनोव्हा, मग ‘फरक लक्षणीय’. अहो, फळ एकच, दिवस एकच, केटलही एकच! त्या तीन बरण्यांमधला फरक म्हणजे तुमच्या हाताचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरचा फरक. दुसऱ्या घाणीत काय होईल ते त्यातून कळत नाही. याला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात. पहिल्या वर्षी मीही हेच केलं, आणि ते पोस्टर अजून भिंतीवर लटकतंय.

कोकमात ही चूक जास्त महागात पडते. आमच्या मसुऱ्यात, आंगणेवाडीकडे असो की गड नदीच्या काठाला, रातांब्याची बरीचशी झाडं बियांपासून उगवलेली आहेत. एकाचं फळ काळपट लाल, तर शेजारच्याचं फिकट. कोकण अमृता, कोकण हातीस या निवडलेल्या जाती आहेत, पण परसात जे आहे ते आहे. एकाच झाडाच्या फळावरून काढलेला आकडा अख्ख्या गावाला कसा लागू होणार?

एप्रिल-मे हाच हंगाम, त्यात वळवाचा पाऊस आला की फळं खराब. प्लांटची तारीख मिळेस्तोवर माझी दोन पोती कुजली होती. वेळापत्रक शैक्षणिक वर्षावर बेतलेलं, झाडाला त्याचं काय! विद्यार्थ्यांना एकच घाण परवडते, हे मला मान्य आहे. पण मग ‘एकच घाण काढली’ असं सरळ लिहा ना.

चव-चाचणीबद्दल थोडक्यात. नऊ गुणांची आवड-निवड श्रेणी, आणि परीक्षक कोण, तर विभागातलेच दहा जण. सोलकढी पिऊन वाढलेला माणूस आणि पहिल्यांदा कोकम चाखणारा पुणेकर एकच गुण देणार नाहीत. ते दहा जण कुठले, हे निदान लिहावं तरी.

आमची काकी दरवर्षी साली साखरेत घालून बरणी उन्हात ठेवते. अन्नसुरक्षेच्या नियमांत सिरपला किमान ६५ टक्के विद्राव्य घनपदार्थ लागतात, हे तिला माहीत नाही. माझे आलेख बघून तिने विचारलं, “ह्यां सरबत गणपतीपर्यंत लाल रवतला काय?” माझ्याकडे साठ दिवसांचा आकडा होता, एका घाणीचा. मेपासून गणपतीपर्यंत निदान तीन महिने तरी होतात. मी गप्प बसलो.

येत्या मेमध्ये तीन वाड्यांतून फळ घेऊन तीन वेगवेगळ्या दिवशी केटल लावायचा अर्ज दिलाय. तिसऱ्या दिवसाची परवानगी अजून आलेली नाही.