वेग वेगळा, लय वेगळी : जपानी रोल-प्लेइंग खेळांच्या संथपणाबद्दल

आजचा विषय तसा भांडणाचा आहे. जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे चाहते ज्यांना जेआरपीजी म्हणतात, त्यांच्याबद्दल दोन माणसं बोलायला बसली की थोड्या वेळात एक वाक्य हमखास येतं : "पहिले वीस तास काढ, मग बघ कसा रंगतो." त्यावर समोरचा म्हणतो, "वीस तास? तेवढ्यात माझे दोन खेळ संपतात." पहिला म्हणतो, तुला धीर नाही. दुसरा म्हणतो, तुला कामधंदा नाही. आणि वाद तिथेच संपतो.

हे वीस तास म्हणजे नक्की किती, ते आधी मोजून घेऊ. नोकरी करणारा माणूस रात्री जेवणं आटोपल्यावर रोज एक तास खेळतो असं धरलं, तर वीस तास म्हणजे जवळजवळ तीन आठवडे झाले. शंभर तासांचा खेळ म्हणजे तीन महिन्यांहून जास्त. एवढा काळ एखादी कलाकृती आपल्याकडून मागत असेल, तर त्या काळाचं ती काय करते हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. त्यामुळे "धीर नाही" हे काही उत्तर होत नाही. पण "संथ आहे" हीसुद्धा टीका होत नाही, कारण संथ असणं हा मुळात दोषच नाही.

घोळ कुठे होतो बघा. इंग्रजीतल्या 'पेसिंग' या एका शब्दात आपण सगळं कोंबतो. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत, वेग आणि लय. वेग म्हणजे किती भरभर. लय म्हणजे कुठे थांबलं, कुठे धावलं आणि त्या दोहोंत नातं काय. आमचं आजचं म्हणणं असं की चाहते तक्रार वेगाची करतात, पण बहुतेक वेळा दुखणं लयीचं असतं. हे पटायचं तर उदाहरणंच घ्यायला हवीत.

सुरुवात मुळापासून करू. 1986 साली एनिक्स कंपनीने फॅमिकॉमवर 'ड्रॅगन क्वेस्ट' आणला. कल्पना युजी होरी यांची, चित्रं अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचं. आज तो खेळ लावला तर पहिली प्रतिक्रिया होते, किती संथ! वाड्याबाहेर पडायचं, एकेक स्लाइम मारायचा, चार नाणी जमवायची, सराईत झोपायचं, पुन्हा बाहेर. पण त्या संथपणाची बांधणी बघा. राजवाड्यातून बाहेर पाऊल टाकलं की पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. अगदी पहिल्या मिनिटाला. डोळ्यांना तो जवळ आहे, पायांना नाही. मधले पूल ओलांडत गेलं की राक्षस बळकट होतात, म्हणजे पूल हीच मर्यादा. कुठे थांबायचं हे कुणी पाटी लावून सांगत नाही, मार खाल्ला की कळतं. आणि मेलात तर? अर्धी नाणी जातात, पण मिळवलेला अनुभव तसाच राहतो. राजासमोर उभे राहता आणि पुन्हा निघता. म्हणजे हरलेला तासही फुकट जात नाही.

मंडळी, हा वेळेबद्दलचा विचार आहे. खेळ तुमच्याकडून वेळ घेतो, पण घेतलेला वेळ जमा धरतो. तिथे वेग कमी आहे, लय पक्की आहे : गाव, माळ, भुयार, परत गाव. ताण आणि विसावा. पुढच्या कित्येक जपानी खेळांनी हेच चक्र घेतलं.

आता बरोबर उलटं उदाहरण. 'फायनल फँटसी तेरा', जपानमध्ये 2009च्या डिसेंबरात आला, बाहेर 2010 मध्ये. चाहत्यांच्या गप्पांत "वीस तास काढ" हे वाक्य या खेळाइतकं दुसऱ्या कुठल्या खेळाबद्दल क्वचितच ऐकू येतं. कारण मोकळं मैदान, ग्रॅन पल्स, येतं अकराव्या प्रकरणात, आणि खेळाची प्रकरणं सगळी मिळून तेरा. पण गंमत अशी की हा खेळ संथ नाहीच! गोष्ट पहिल्या दृश्यापासून पळते. माणसं फरारी आहेत, मागे सैन्य आहे, श्वास घ्यायला वेळ नाही. तरी लोक म्हणतात रेंगाळतो. असं का?

कारण लय बदलतच नाही. जुन्या अर्थाची गावं जवळपास नाहीत. दुकान म्हणजे सेव्ह करायच्या जागीच उघडणारी एक यादी. चिंचोळी वाट, लढाई, चित्रपटासारखं दृश्य, पुन्हा चिंचोळी वाट. शिवाय पात्रांची वाढ प्रकरणागणिक अडवलेली, त्यामुळे थांबून ताकद वाढवू म्हटलं तरी ती ठरल्या हद्दीपुढे जात नाही. एकाच वेगाने पाच तास धावलं की धावणंही जाणवेनासं होतं. आगगाडीत बसलेल्याला जसं आपण बसूनच आहोत असं वाटतं, तसं. त्या खेळाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे : फरारी माणसाला गाव नसतं, तेव्हा गाव न देणं हे आशयाला धरून आहे. हा बचाव आम्हाला खरा वाटतो. पण तो पहिल्या चार-पाच तासांना पुरतो, दहा प्रकरणांना पुरत नाही. म्हणून "तेरावा भाग संथ आहे" यापेक्षा "तेरावा भाग एकसुरी आहे" ही टीका जास्त नेमकी आहे.

मग खरोखर संथ असलेला आणि तरी टिकणारा खेळ कोणता? आम्ही निहोन फाल्कॉम कंपनीच्या 'ट्रेल्स इन द स्काय'चं नाव घेऊ. 2004 साली जपानमध्ये संगणकावर आला. एस्टेल आणि जोशुआ ही दोन तरुण मुलं एका संघटनेत काम शिकतात आणि लिबर्ल नावाच्या देशात गावोगाव फिरून लोकांची कामं करतात. कामं कसली, तर रस्त्यावरचे दिवे बदला, कुणाचं सामान पोचवा. पहिले कित्येक तास जगावर काही संकटबिंकट नाही. वरून गोष्टीत थोडं काही घडलं की गावातल्या प्रत्येक माणसाचं बोलणं बदलतं. म्हणजे ज्याला ऐकायचंय तो पुन्हा सगळ्या गावाला फेरी मारणार. (हशा) आणि एवढं करून पहिला भाग ऐन मोक्याला तुटतो. पुढचं कळायला 2006 सालच्या दुसऱ्या भागापर्यंत थांबायचं.

आणि त्या दुसऱ्या भागात होतं काय? देशभरातली यंत्रं बंद पडतात, दिवे विझतात. आता आठवा, हेच दिवे तुम्ही आपल्या हाताने बदलले होते. ज्याने ते काम "भरताड" म्हणून कंटाळत केलं, त्यालाही तो अंधार वेगळा लागतो. सांगून हे होत नसतं. एखाद्या पात्राने "हा देश मला प्रिय आहे" म्हणणं ही माहिती झाली. तुम्ही तिथल्या रस्त्यांवर वीस तास चालणं हा अनुभव झाला. संथपणाची किंमत पुढे कुठेतरी वसूल होते, तीही दामदुपटीने. याला आम्ही सार्थ संथपणा म्हणू.

तिसरी रीत 'पर्सोना पाच'ची, 2016ची. लांबीला हा शंभर तासांच्या घरातला. इथे दिग्दर्शकाने वेळ हीच खेळाची वस्तू केली आहे. एप्रिलपासून पुढे दिनदर्शिका सरकते. शाळा सुटली की एक वेळ, संध्याकाळी एक वेळ. मित्राला भेटायचं, अभ्यास करायचा, नोकरी करायची की भुयारात उतरायचं? आणि प्रत्येक मोठ्या कामाला शेवटची तारीख आहे. इथे रेंगाळणं हा खेळाडूचा निर्णय होतो, आणि निर्णय म्हटला की त्याची रुखरुख आली, त्याचा आनंदही आला. चाहते हसतात ते मॉर्गाना या मांजरावर, कारण ते सारखं "आज दमलायस, झोप" म्हणून संध्याकाळ काढून घेतं. ती नुसती थट्टा नाही. खेळाने स्वतः नेमून दिलेला करार असा आहे की वेळ तुझा, वापर तुझा. मांजर झोपायला पाठवतं तेव्हा तो करार मोडतो, म्हणून राग येतो. पहिल्या काही तासांत तर करार सुरूच झालेला नसतो, एका पाठोपाठ एक शिकवणी चालते. तिथे लोक सोडून जातात ते उगाच नाही.

आता एकच गोष्ट, दोन लयींत सांगितलेली बघू. 1997च्या 'फायनल फँटसी सात'मध्ये मिडगार शहराचा भाग साधारण पाच-सहा तासांचा. मग शहराचं दार ओलांडायचं आणि समोर अख्खं जग उघडतं. मिडगारची घुसमट त्या एका क्षणासाठी होती. 2020च्या 'रीमेक'मध्ये हाच भाग अठरा प्रकरणांचा पूर्ण खेळ झाला, तीसपस्तीस तासांचा. चाहते इथे सरळ दोन तट करून बसतात. आम्ही दोन्ही तटांना अर्धं-अर्धं देऊ.

वाढवलेलं चांगलं कुठे आहे? सेक्टर सातच्या वस्तीत. जेसीच्या घरी आपण जातो, वेज आणि बिग्ज यांना चेहरे मिळतात, शेजारीपाजारी ओळखीचे होतात. म्हणून बाराव्या प्रकरणाअखेर वरचा पत्रा त्या वस्तीवर कोसळतो तेव्हा कोण गेलं हे आपल्याला ठाऊक असतं. मूळ खेळात ती बातमी होती, इथे ते सुतक आहे. आणि वाढवलेलं वाईट कुठे आहे? सहाव्या प्रकरणातल्या दिव्यांच्या आणि नवव्या प्रकरणातल्या यंत्रांच्या हातांच्या खटपटीत, गटारांतल्या दुसऱ्या फेरीत, सतराव्या प्रकरणात शत्रूच्या इमारतीत प्रयोगशाळेच्या लांबलचक चकरांत. ऐन शेवटाकडे, गोष्ट कळसाला चाललेली असताना, आपण कळा दाबून दारं उघडत बसतो. तिथे वेळ जातो तो पुढे कुठेच जमा होत नाही. एकाच खेळात सार्थ संथपणा आणि नुसती भरताड शेजारी-शेजारी बसलेली आहेत. म्हणून "रीमेक लांबवला" हे वाक्य पुरेसं नाही, कुठला तास लांबवला हे सांगायला हवं.

एक मुद्दा आपल्याकडचा. आपल्यातला मराठी खेळाडू हे सगळे संवाद वाचतो ते बहुधा इंग्रजीत, म्हणजे जपानीतून भाषांतर झालेल्या परक्या भाषेत. तेव्हा बोलकी दृश्यं त्याला आणखी लांब वाटू शकतात, आणि अक्षरं आपोआप पुढे सरकत असतील तर तीच दृश्यं फार घाईची वाटू शकतात. वेग ही वाचणाऱ्यागणिक बदलणारी गोष्ट आहे. लय मात्र रचनेत असते. टीका करताना आपण कशावर बोलतोय हे वेगळं ठेवायचं, ते एवढ्यासाठीसुद्धा.

शेवटचा प्रश्न बटणाचा. जुने खेळ नव्याने येतात तेव्हा वेग वाढवायची सोय देतात. 'फायनल फँटसी बारा'च्या 2017च्या आवृत्तीत ती आहे, 2024च्या 'ड्रॅगन क्वेस्ट तीन'मध्ये लढाईचा वेग निवडता येतो. जुने चाहते म्हणतात, हे बटण दाबणं म्हणजे कलाकृतीचा अपमान. आम्हाला तसं वाटत नाही. 'बारा'मध्ये कुणी कधी काय करायचं याचे नियम तुम्ही आधी लिहून ठेवता आणि पात्रं ते पाळतात. विचार आधी झालेला असतो, मग अंमलबजावणी भरभर बघायला हरकत काय? पण बटणाचा एक उपयोग समीक्षेलाही आहे. खेळताना स्वतःकडे लक्ष ठेवा : बोट बटणावरून आपोआप कुठे उठतं? नव्या गावात शिरताना उठतं का? एखाद्या निरोपाच्या दृश्याला उठतं का? जिथे उठतं तिथे लय जिवंत आहे. आणि जो खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बटण दाबून धरला तरी काही हरवल्यासारखं वाटत नाही, त्याच्याबद्दल वेगळं काही लिहायची गरज उरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "वीस तास काढ" म्हणालं, तर त्याला धीराची परीक्षा देऊ नका, आणि "मला वेळ नाही" म्हणून उठूही नका. त्याला तीन गोष्टी विचारा. या वीस तासांत लय बदलते का? माझ्या हाताला काही ठरवायचं काम आहे का? आणि जे इथे घालवतोय ते पुढे कुठे परत येतं? ज्याला खेळ खरंच आवडलाय तो या तिन्हींची उत्तरं देईल, बहुधा डोळे चमकवत देईल. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला तर समजा, ते वीस तास त्याने सोसलेत आणि आता आपल्यालाही सोसायला लावतोय. वेळ आपला आहे, मंडळी. तो संथ गेला तरी चालेल, वाया जाता कामा नये.

आता तुमचे प्रश्न घेऊ.