पोलादी कांब आणि मींड

हवाई गिटार म्हणजे सिनेसंगीताची दासी, असे जबलपुरातील आम्हां मराठी रसिकांच्या बैठकीत अजूनही कानी येते. अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांचे वादन हा समज खोडून काढते. अमेरिकेत सुसान अल्कॉर्न यांनी पेडल स्टील गिटार मुक्त उपजेकडे नेली. तेथे पेडल दाबताच तारेचा स्वर बदलतो. काब्रांची मींड मात्र सर्वस्वी हातातील पोलादी कांबेची. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर-बासरीच्या संगतीत त्यांची उपज आखडती वाटते, हे उणे खरेच. स्वतंत्र आलापीत ती मोकळी होते. वाद्य परके की आपले, हा वाद आम्हांस गौण वाटतो. बदलीच्या गावी नांदणाऱ्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.