चीनच्या २०१९ च्या संरक्षण श्वेतपत्रिकेतील अर्थविचार : एक चिकित्सा

प्रस्तावना :
चीनने जुलै २०१९ मध्ये ‘नवयुगातील चीनचे राष्ट्रीय संरक्षण’ ही श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. आपला संरक्षणखर्च वाजवी व मर्यादित आहे, हे तिचे प्रमुख प्रतिपादन होय. त्यामागील आर्थिक युक्तिवादाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
श्वेतपत्रिकेनुसार स्थूल देशांतर्गत उत्पादनातील संरक्षणखर्चाचा वाटा १९७९ मध्ये ५.४३ टक्के होता. तो २०१७ मध्ये १.२६ टक्क्यांवर आला. हे आकडे चुकीचे नाहीत; त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा आहे. वाटा घटला तो खर्च कमी झाल्यामुळे नव्हे, तर अर्थव्यवस्थेचा विस्तार त्याहून वेगाने झाल्यामुळे. टक्केवारीवरून समाजावरील भार कळतो, सामर्थ्य कळत नाही. लष्करी सामर्थ्य हे एकूण खर्चातून व वर्षानुवर्षे साचत गेलेल्या साधनसामग्रीतून उभे राहते.

याचा पुरावा त्याच श्वेतपत्रिकेतील तक्त्यात आहे. २०१० ते २०१७ या काळात एकूण खर्च सुमारे ५३ हजार कोटी युआनवरून १ लाख ४ हजार कोटी युआनवर गेला. सैनिकांवरील खर्चाचा वाटा ३४.९ वरून ३०.८ टक्क्यांवर उतरला, तर शस्त्रसामग्रीचा ३३.२ वरून ४१.१ टक्क्यांवर चढला. म्हणजे एकूण खर्च दुपटीच्या जवळ गेला असताना शस्त्रसामग्रीवरील खर्च जवळजवळ अडीचपट झाला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या तीन लाखांच्या सैन्यकपातीचा अर्थही येथे उलगडतो. ती निःशस्त्रीकरणापेक्षा मनुष्यबळाकडून यंत्रबळाकडे झालेले संक्रमण अधिक होती.

दुसरा आक्षेप व्याप्तीचा. स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ ही संस्था निमलष्करी दले, संशोधन आदी बाबी जमेस धरून २०२४ चा चिनी खर्च ३१४ अब्ज डॉलर मानते. त्या वर्षीचा अधिकृत अर्थसंकल्प मात्र १.६७ लाख कोटी युआनचा, म्हणजे सुमारे २३० अब्ज डॉलरचा होता. शिवाय जहाजबांधणीसारख्या उद्योगात व्यापारी व नौदलीय उत्पादन शेजारी शेजारी चालते. व्यापारी मागणीतून मिळणारे कौशल्य व प्रमाणलाभ कोणत्याही संरक्षण अर्थसंकल्पात दिसत नाहीत.

तथापि विरुद्ध टोकाची मांडणीही निर्दोष नाही. क्रयशक्तीच्या आधारे खर्च फुगवून दाखविणारे अभ्यासक वेतनासारख्या स्वस्त घटकांचे गुणोत्तर अत्याधुनिक इंजिने व इलेक्ट्रॉनिक सामग्रीलाही सरसकट लावतात.

निष्कर्ष :
श्वेतपत्रिका २०१२–१७ मधील स्वतःच्या सरासरी १.३ टक्के वाट्याशेजारी भारताचा २.५ टक्के वाटा ठेवते. या तुलनेवरून भारताचा भार जड व चीनचा हलका वाटतो. परंतु ‘सिप्री’च्याच २०२४ च्या अंदाजानुसार चीनचा खर्च भारताच्या (८६.१ अब्ज डॉलर) साडेतीनपटींहून अधिक होता. कमी टक्केवारीत अधिक खर्च करण्याची ही क्षमताच खरी चिंतनीय बाब आहे, आणि तिचा उगम लष्करी धोरणापेक्षा औद्योगिक उत्पादकतेत आहे. केवळ संरक्षणखर्चाची टक्केवारी वाढवावी, ही आपल्याकडील मागणी म्हणूनच प्रश्नाच्या मुळाशी जात नाही.