पटवर्धनांची माणसे

आमच्या मुर्रीत चित्र म्हटले की वाण्याच्या दुकानातले कॅलेंडर, नाही तर दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला उतरणाऱ्या आमच्या गावकऱ्याला जहांगीर आर्ट गॅलरीची पायरी चढायला कोणी मनाई केलेली नाही. तरी तो चढत नाही. या गोष्टीची टोचणी लागलेला एक चित्रकार महाराष्ट्रात आहे, म्हणून सुधीर पटवर्धनांविषयी चार शब्द.

पुण्यात १९४९ साली जन्मलेले पटवर्धन पेशाने डॉक्टर. १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम आणि उरल्या वेळात चित्रे, असा तीस वर्षांचा परिपाठ. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाम शेख यांच्याबरोबर तेही होते. 'इराणी रेस्टॉरंट', 'ट्रेन', 'ओव्हरब्रिज' या त्यांच्या चित्रांतली माणसे आपणांपैकीच. अंगाने भरीव, पाय जमिनीवर टेकलेले. चित्रकार त्यांची कीव करीत नाही, पोवाडाही गात नाही. गरिबाला देव्हाऱ्यात बसवण्याची खोड आपल्या कलेला जुनी आहे, तेव्हा हा संयम थोडाथोडका नव्हे. पुढे 'लोअर परळ'सारख्या (२००१) विस्तीर्ण चित्रांत शहर पसरते आणि माणूस लहान होतो. शहराचे सत्य तेच असेल. माझा जीव मात्र जुन्या चित्रांतच रमतो.

कलेविषयी त्यांनी लिहिलेही आहे. पण मला सर्वांत भावले ते त्यांचे तिसरेच काम. २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय चित्रकारांच्या कृती स्वतः निवडून 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन त्यांनी नागपूर-अमरावतीसारख्या शहरांतून फिरवले. रंगाचा थर, कॅनव्हासचा आकार, जवळ जाऊन पुन्हा दोन पावले मागे सरकण्यातली गंमत, हे छापील पानावर कोठून येणार? रोग्याला दवाखान्यापर्यंत येणे जमत नसेल तर डॉक्टरनेच बॅग उचलावी, तसे हे झाले. फक्त एका भेटीने गुण येत नाही! २०१९ साली त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचे प्रदर्शन भरले, ते पुन्हा मुंबईतच, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात.

त्यांची चित्रे कोठे पाहायला मिळाली तर घरातली मुले बरोबर न्यावी. 'हा माणूस कुठे चाललाय हो, आजोबा?' असे एखादे पोर विचारील. उत्तर सुचले नाही तरी तिथून लगेच हलू नये.