अरबी व्याकरणाची पहिली पायरी : दोन पाठ्यपुस्तकांचे परीक्षण

मी अभियांत्रिकी शिकवतो; अरबी माझा हौसेचा विषय. ती शिकायला मी दोनदा बसलो आणि दोनदा सोडली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आरंभी वापरल्या जाणाऱ्या दोन पुस्तकांचे हे परीक्षण.

पहिले पुस्तक ‘अल-आजुर्रूमिय्या’. फेझचे व्याकरणकार इब्न आजुर्रूम (मृत्यू १३२३) यांची ही छोटी पुस्तिका मदरशांत पाठ केली जाते. वाक्याची व्याख्या, मग इस्म (नाम), फिअल (क्रियापद) आणि हर्फ (अव्यय) हे शब्दांचे तीन वर्ग, आणि लगेच इअराब, म्हणजे शब्दाच्या शेवटी होणारा बदल. मांडणी अतिशय नेटकी आहे. वलदुन, वलदन, वलदिन ही ‘मुलगा’ या शब्दाची तीन रूपे आपल्या विभक्तीसारखीच वाक्यातले नाते सांगतात. पण हे पुस्तक फक्त नह्व, म्हणजे वाक्यरचना शिकवते. शब्द कसा घडतो हे सांगणारे सर्फ त्यात नाही. ज्याच्या कानावर अरबी आधीच आहे त्याला ते पुरते, नवख्याला नाही.

दुसरे पुस्तक तमिळनाडूतील वाणियंबाडीचे डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांचे, ‘मदीना पुस्तके’ या नावाने ओळखले जाणारे. येथे व्याख्या नाहीत. ‘हे घर आहे’ अशा सोप्या वाक्यांनी सुरुवात होते आणि नियम सरावातून मुरतो. माझ्या मते नवख्याने हेच घ्यावे. मात्र पहिल्या भागाचा भर नामवाक्यांवर असल्याने शब्दघडणीचे सूत्र येथेही लवकर हाती लागत नाही.

हे सूत्र इतके महत्त्वाचे का? नेहमीच्या छापील अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. क-त-ब ही तीन अक्षरे दिसली, तर ती कतब (त्याने लिहिले), कुतिब (लिहिले गेले) की कुतुब (पुस्तके), हे वाचणाऱ्यानेच ठरवायचे. संदर्भ मदत करतो. पण कोणते साचे शक्य आहेत हे माहीत असेल तरच.

साचा समजायला बीजगणित आठवा. अरबी व्याकरणकार फ-अ-ल ही अक्षरे आपल्या ‘क्ष’सारखी वापरतात. फाइल म्हणजे करणारा, मफऊल म्हणजे ज्यावर क्रिया झाली तो. त्या जागी क-त-ब घाला : कातिब म्हणजे लिहिणारा, मकतूब म्हणजे लिहिलेले. आता न-ज-र घाला. नजर तुम्हाला ठाऊक आहे. कोर्टातला नाजर मुळात ‘पाहणारा’, आणि मंजूर म्हणजे ‘पाहिलेले’, त्यावरून मान्य केलेले. हाकीम, हाजिर हे पहिल्या साच्यातले. मजकूर, मजबूर दुसऱ्या. मराठी विद्यार्थी हे साचे रोज बोलतो, फक्त कोणी त्याला ते दाखवत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी : मदीना पुस्तकाचा पहिला भाग घ्या, पण पहिल्याच आठवड्यात वहीच्या एका पानावर फाइल आणि मफऊल असे दोन रकाने आखा. ओळखीचे शब्द त्यात भरत जा. आजुर्रूमिय्या वर्षभराने उघडा. तेव्हा तिचा नेटकेपणा खरा कळेल. तिसऱ्या वेळी मी याच क्रमाने गेलो आणि पुस्तक मिटले नाही.