प्रकाशकाची क्षमायाचना आणि कवीचे उत्तरदायित्व

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विचार बहुधा दोन पक्षांच्या भांडणाच्या रूपाने मांडला जातो : एका बाजूस बोलणारा लेखक, दुसऱ्या बाजूस त्यास मज्जाव करणारी सत्ता. ही मांडणी खोटी नाही. पण ती अपुरी आहे. लेखक आणि वाचक ह्यांच्यामध्ये मुद्रक, प्रकाशक, संपादक, पुस्तकविक्रेता असे कोणी ना कोणी नेहमीच उभे असते. आता त्या जागी फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप ह्यांसारख्या यंत्रणा आणि त्या चालविणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. कायद्याच्या परिभाषेत त्यांना 'मध्यस्थ' म्हणतात. मजकुरावर आक्षेप निघाला म्हणजे मध्यस्थाने काय करावे, आणि त्याने जे केले त्याचा भार अखेर कोणावर पडावा, हा समाजमाध्यमांच्या नियमनातील मूळ प्रश्न होय. ह्या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण मराठवाड्यातच, लातूर येथे घडलेले आहे. ते समाजमाध्यमांच्या पूर्वीचे असले तरी त्यातील पेच आजचाच आहे.

१

वसंत दत्तात्रेय गुर्जर ह्यांची 'गांधी मला भेटला' ही कविता अशोक शहाणे ह्यांच्या प्रास प्रकाशनाने १९८० नंतरच्या दशकात भित्तिपत्रकाच्या रूपाने प्रसिद्ध केली. कवितेतील निवेदकास गांधी निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या बोलींत भेटत जातो. त्या भेटींतून गांधींच्या नावाने चाललेला व्यवहार उघडा पडावा, अशी तिची योजना आहे. तिची भाषा जाणूनबुजून ओबडधोबड, क्वचित् शिवराळ आहे. लघुनियतकालिकांच्या वातावरणात वाढलेल्या वाचकास त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते.

तीच कविता १९९४ च्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या 'बुलेटिन' नावाच्या अंकात पुनर्मुद्रित झाली. हा अंक विक्रीचा नव्हता. तो सभासदांपुरताच वितरित होत असे. काही कर्मचाऱ्यांनी नाराजी व्यक्त करताच प्रकाशक देविदास तुळजापूरकर ह्यांनी पुढच्याच अंकात बिनशर्त क्षमा मागितली. संघटनेच्या अंतर्गत व्यवहारापुरते हे प्रकरण तेथेच मिटण्यासारखे होते. परंतु पुण्याच्या एका रहिवाशाने तक्रार दिली, आणि लातूरच्या गांधी चौक पोलीस ठाण्यात प्रकाशक, मुद्रक व कवी ह्यांच्यावर गुन्हा नोंदविला गेला. गटागटांत वैर पसरविण्यासंबंधीची भारतीय दंडसंहितेची कलमे १५३-अ व १५३-ब प्रथम लावण्यात आली. अश्लीलतेसंबंधीचे कलम २९२ मागाहून जोडले गेले.

लातूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी वैर पसरविण्याच्या आरोपातून तिघांनाही मुक्त केले. अश्लीलतेचा आरोप मात्र कायम ठेवला. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यात बदल केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने न्या. दीपक मिश्र व न्या. प्रफुल्लचंद्र पंत ह्यांच्या पीठाद्वारे १४ मे २०१५ रोजी निर्णय दिला, तेव्हा कविता छापून आल्यास जवळजवळ एकवीस वर्षे लोटली होती. प्रकाशकाने कार्यवाही सुरू होण्यापूर्वीच क्षमा मागितली होती आणि मध्ये फार काळ गेला होता, म्हणून प्रकाशक व मुद्रक ह्यांच्यावरील आरोप रद्द झाला. कवीने मात्र लातूरच्या न्यायालयात आपली बाजू मांडावी, असे ठरले.

२

ह्या निर्णयाचे दोन भाग पृथक् तपासले पाहिजेत. पहिला भाग कसोटीचा. अश्लीलता ठरविताना भारतीय न्यायालये दीर्घकाळ 'हिक्लिन' ह्या इंग्रजी खटल्यातील कसोटी लावीत आली. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मागे टाकून समकालीन समाजाच्या मानकांची कसोटी स्वीकारली. लातूरच्या प्रकरणातही हीच कसोटी मान्य करण्यात आली. तथापि तिला एक पुरवणी जोडण्यात आली. इतिहासात आदरास पात्र ठरलेल्या व्यक्तीचे नाव प्रतीक म्हणून वापरले असेल, तर ही कसोटी अधिक कठोरपणे लावावी, अशी ती पुरवणी होय.

येथे एका कोटीतून दुसऱ्या कोटीत नकळत प्रवेश झाला आहे. कलम २९२ चा विषय कामुकता आणि तिच्यामुळे वाचकाच्या मनावर होणारा विपरीत परिणाम हा आहे. कवितेत कोणाचे नाव घेतले आहे ह्यावर हा परिणाम अवलंबून असण्याचे कारण नाही. नावाने दुखावतो तो आदरभाव. आदरभावास धक्का लागणे ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ती अश्लीलता नव्हे. वैर पसरविण्याचा आरोप लातूरच्या न्यायालयातच गळून पडला होता. अशा स्थितीत भावना दुखावल्याची तक्रार अश्लीलतेच्या कलमाच्या आडोशाने पुन्हा आत आली, असे म्हणावे लागते. १९६९ मध्ये 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेवरून चंद्रकांत काकोडकर ह्यांच्यावर झालेल्या खटल्यात ह्याच न्यायालयाने समग्र कथा वाचली, समाजाची मानके झपाट्याने बदलत असल्याची दखल घेतली आणि लेखकास निर्दोष ठरविले. त्या निर्णयाच्या शेजारी ठेवले असता २०१५ चा निर्णय मागे वळल्यासारखा दिसतो.

'समाजाची मानके' हा शब्दप्रयोग योगायोगाने समाजमाध्यमांच्या व्यवहारातही अवतरला आहे. फेसबुक आपल्या नियमावलीस हेच नाव देते. दोन्ही ठिकाणी एकच शंका उद्भवते : समाज म्हणजे कोणता समाज? 'बुलेटिन'चा समाज म्हणजे संघटनेचे सभासद. तक्रारदार पुण्याचा, खटला लातूरला, अंतिम निर्णय दिल्लीस. ज्या वर्तुळासाठी मजकूर छापला गेला त्याच्या बाहेरच्या माणसाच्या हाती तो पडला, की त्याचा अर्थच बदलतो. १९९४ मध्ये असा प्रसंग अपवादाने येई. समाजमाध्यमांवर तो नित्याचा झाला आहे. तेथे प्रत्येक अंतर्गत पत्रिका कोणाच्याही हाती केव्हाही पडू शकते.

३

निर्णयाचा दुसरा भाग उत्तरदायित्वाचा आहे, आणि तोच अधिक महत्त्वाचा. १९६४ मध्ये 'लेडी चॅटर्लीज् लव्हर' ह्या कादंबरीवरून झालेल्या खटल्यात शिक्षा झाली ती मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यास, रणजित उदेशी ह्यांना. विकलेल्या पुस्तकात काय आहे ह्याचे ज्ञान विक्रेत्यास होते की नाही, हे अभियोगपक्षाने सिद्ध करण्याची गरज न्यायालयास वाटली नाही. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम ह्या संकेतस्थळावर एका वापरकर्त्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस ठेवली, तेव्हा त्या संकेतस्थळाच्या प्रमुखास अटक झाली. दोन्ही प्रसंगी भार मधल्या माणसावर पडला. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ७९ मध्ये २००८ साली दुरुस्ती होऊन मध्यस्थास संरक्षण मिळाले. मात्र बेकायदा मजकुराची जाणीव होताच तो काढून टाकण्याची अट त्यास घालण्यात आली.

लातूरच्या प्रकाशकास मिळालेली मुक्तता ह्याच जातीची आहे. त्याने क्षमा मागितली, तो सुटला. समाजमाध्यम मजकूर काढून टाकते, ते सुटते. मध्यस्थाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे. परक्याच्या शब्दांसाठी एखाद्या विक्रेत्यास वा मुद्रकास दंड व्हावा ह्यात शहाणपण नाही. परंतु तिचा एक परिणाम अटळ आहे. क्षमा मागणे स्वस्त आणि मजकुराच्या पाठीशी उभे राहणे महाग ठरले, म्हणजे कोणताही व्यवहारी मध्यस्थ पहिला मार्ग पत्करतो. बोलणारा एकटा उरतो. इतकेच नव्हे, तर मध्यस्थाची क्षमायाचना ही जणू लेखकाच्या अपराधाची कबुलीच होय, असा समज पसरतो.

सर्वोच्च न्यायालयास ह्या धोक्याची कल्पना नव्हती असे नाही. लातूर प्रकरणातील निर्णयापूर्वी दोन महिन्यांच्या आत, २४ मार्च २०१५ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. त्या खटल्याची पार्श्वभूमीही महाराष्ट्रातील होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत लिहिणारी एक तरुणी आणि त्यास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण ह्या दोघींना पालघर येथे अटक झाली होती. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी ह्यांतील भेद ह्या निर्णयाने स्पष्ट केला. चिथावणीच्या पायरीपूर्वी शासनाने हस्तक्षेप करू नये, असे सांगितले. न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना आल्याखेरीज मध्यस्थास 'जाणीव' झाली असे मानू नये, हेही त्याच निर्णयाने ठरविले. म्हणजे सामान्य तक्रारदाराच्या धाकाने मध्यस्थाने माघार घ्यावी, अशी अपेक्षा कायद्याने सोडून दिली.

पुढील काळात हा तोल पुन्हा ढळला. २०२१ च्या नियमांनी मजकूर काढण्यासाठी छत्तीस तासांची मुदत घातली. २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा आहे की काय हे शासनाच्याच पथकाने ठरवावे, आणि पथकाने खोटा ठरविलेला मजकूर न काढणाऱ्या मध्यस्थाचे संरक्षण धोक्यात यावे, अशी दुरुस्ती झाली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले ह्यांच्यात जानेवारी २०२४ मध्ये मतभेद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर ह्यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचे मत दिल्यावर ती रद्द झाली. ह्या दुरुस्तीत लेखकास शिक्षा देण्याचा उल्लेखही नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मध्यस्थास भीती वाटली म्हणजे लेखकाचे तोंड आपोआप बंद होते, हे गृहीतच धरलेले होते.

४

ह्यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप घेतला जाईल. कविता निराळी आणि अफवा निराळी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी ह्या भटक्या जमातीच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. भिक्षेसाठी परमुलखात गेलेल्या माणसांच्या जिवावर बेतले असता अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पोवाडे गाणे हा निव्वळ निष्ठुरपणा ठरेल.

हा आक्षेप मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. चिथावणीस आणि प्राणघातक अफवेस आवर घालणे हे नियमनाचे रास्त कार्य आहे. परंतु ह्या घटनेनंतर योजलेला एक उपाय विचार करण्यासारखा आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास प्रतिबंध केला. ह्या उपायाने कोणत्याही मजकुराच्या अर्थाचा निवाडा केला नाही; केवळ त्याचा वेग कमी केला. कविता आणि अफवा ह्यांतील फरक येथेच दिसतो. अफवेचे बळ वेगात असते, विचारास अवसर मिळाला की ते ओसरते. कवितेस वेगाची गरज नसते आणि विचाराने तिचे नुकसान होत नाही. म्हणून राईनपाड्याचे औषध लातूरच्या कवितेस लागू करता येत नाही. 'आक्षेपार्ह' ह्या एकाच शब्दाखाली दोघांना कोंबले, की अफवा सुटते आणि कविता सापडते.

अर्थाचा निवाडा करावयाचाच, तर तो भाषा जाणणाऱ्याने केला पाहिजे. मराठी घरातील म्हातारी नातवास 'मेल्या', 'मुडद्या' म्हणते, त्यात मरणाची धमकी नसते, माया असते. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बोली तर दखनी, तेलुगू आणि कन्नड ह्यांच्या शेजारात वाढलेली. देगलूरच्या बाजारातील शब्द आणि उदगीरच्या बाजारातील शब्द कोशात एकाच अर्थाने सापडतीलच असे नाही. शब्दांची यादी पाहून निवड करणाऱ्या यंत्रास वा दूरदेशी बसलेल्या परीक्षकास हे कळण्याचा मार्ग नाही. ज्या कवितेत गांधी नाना बोलींत बोलतो, ती अशा परीक्षकापुढे क्षणभरही टिकली नसती.

५

मराठवाड्यास ह्या प्रश्नाची ओळख नवी नाही. निजामी राजवटीत 'गश्ती निशाण ५३' प्रमाणे सभेसाठीही पूर्वपरवानगी लागे. आ. कृ. वाघमारे ह्यांना आपले 'मराठवाडा' साप्ताहिक १९३८ मध्ये पुण्याहून काढावे लागले. त्यावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघे. ती सत्ता अन्यायी होती, पण तिचा हुकूम छापील होता. कोणी, कशावर बंदी घातली हे वाचकास ठाऊक असे. समाजमाध्यमावरील मजकूर नाहीसा होतो तेव्हा वाचकास पुष्कळदा तो होता हेही कळत नाही, आणि लेखकाच्या हाती साचेबंद सूचनेपलीकडे फारसे काही उरत नाही. मेटा कंपनीच्या 'ओव्हरसाइट बोर्ड'ने २०२१ पासून काही प्रकरणांत सकारण निर्णय दिले आहेत. पण नित्य काढल्या जाणाऱ्या मजकुराच्या मानाने ती प्रकरणे मूठभरच.

ह्या दृष्टीने लातूरचा खटला उलट बाजूनेही वाचला पाहिजे. त्यातील कसोटी सदोष आहे, त्यास लागलेला काळ लाजिरवाणा आहे. तरीही त्या कवीस आरोप काय हे कळले, वकील मिळाला, चार न्यायालयांसमोर म्हणणे मांडता आले, आणि अखेर एक विस्तृत, सकारण निर्णय प्रसिद्ध झाला. तो निर्णय चुकला असे आज म्हणता येते, कारण त्याची कारणे लिहिलेली आहेत. नियमनास विरोध करणे हा म्हणून अभ्यासकांचा आग्रह असू नये. त्याची कारणे मागणे हा असावा. मजकूर काढण्यापूर्वी, किंवा जीवितास धोका असल्यास काढल्यानंतर लगेच, लेखकास सूचना. कोणत्या नियमाने व कोणत्या वाक्यासाठी हे सांगणारे लिखित कारण. ती भाषा जाणणाऱ्यापुढे फेरतपासणी. आणि मध्यस्थाच्या माघारीचा अर्थ लेखकाचा अपराध असा न लावण्याचा दंडक, एवढ्या चार गोष्टी कमीत कमी होत. त्या नसतील, तर समीक्षेस वाद घालण्याजोगे काही शिल्लकच राहणार नाही. नाहीशा झालेल्या कवितेवर टीका लिहिता येत नाही, आणि न लिहिलेल्या निर्णयावर अपील करता येत नाही.